हॅव, हॅड की नुसतं डिस्पॅच्ड? इंग्रजी क्रियापद निवडायचं कसं

शिरोलीकर_डिस्पॅच
नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे, मराठी मीडियम, बीकॉम. कास्टिंगचा माल गेला की कस्टमरला मेल टाकायचं काम आता माझ्याकडं आलंय आणि त्यात काही कस्टमर बाहेरच्या देशातले पण आहेत. टेन्सचा तक्ता शाळेपासून पाठ आहे, बाराच्या बारा काळ, गो वेंट गॉन, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगतो. पण मेल लिहायला बसलं की "काल माल पाठवला होता" याला इंग्रजीत हॅड लावायचं, हॅव लावायचं की नुसतं डिस्पॅच्ड म्हणायचं तिथंच हात थांबतो. ऑफिसात तिन्ही लिहिणारी माणसं आहेत आणि तिघंबी आपलंच बरोबर म्हणतात. दुसरं म्हणजे "हा पार्ट आम्ही पाच वर्षांपासून करतोय" हे "वुई आर मेकिंग" होतं का आणखी काय? व्याख्या नकोत, त्या आहेत माझ्याकडं. वाक्य मनात मराठीत येतं, तिथनं इंग्रजी क्रियापदापर्यंत जायचं कसं तेवढं कुणीतरी नीट सांगा की.

बावड्याच्या_बाई
शिरोलीकर, तुम्ही अगदी मुळाला हात घातलाय. मी कसबा बावड्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं त्याच्या आधीची पाचवीला एबीसीडी शिकणारी मुलं पण शिकवली आणि नंतरची पण, आणि दोन्हीकडं मुलं अडखळायची ती जागा हीच. तक्ता पाठ असतो पण आपल्या मराठी क्रियापदात काय भरलेलं असतं हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी "होता" बघा. आपण सहज म्हणतो, "काल महाद्वार रोडला गेलो होतो". यात काय सांगितलं, तर गेलो आणि परत आलो, ते काम संपलं. त्याच्या पुढंमागं दुसरी कुठली घटना असायलाच पाहिजे असं मराठीत नाही. म्हणून आपण "होतो" दिसलं की हॅड लावतो आणि "आय हॅड गॉन टू महाद्वार रोड यस्टर्डे" म्हणतो. इंग्रजी माणूस हे ऐकून थांबतो, कारण त्याच्या कानाला हॅड म्हणजे अजून एक गोष्ट यायची आहे, तो वाट बघत राहतो की बरं, गेला होतास, मग काय झालं? इंग्रजीत हॅड कधी, तर मागच्या काळातल्या दोन गोष्टी आहेत आणि त्यातली आधीची दाखवायची आहे तेव्हा. "ट्रक आला तेव्हा पाऊस थांबला होता", इथं "व्हेन द ट्रक केम, द रेन हॅड स्टॉप्ड" एकदम बरोबर. एकटीच गोष्ट असेल तर मराठीत होता असो नाहीतर नसो, इंग्रजीत साधा भूतकाळ. "आय वेंट टू महाद्वार रोड यस्टर्डे."

आता "पाठवलाय". आलोय, केलंय, पाठवलाय हे आपलं रूप हॅवच्या फार जवळचं आहे, घटना मागची पण तिचा परिणाम आत्ता समोर आहे. "माल पाठवलाय" म्हणजे "वुई हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल". इथपर्यंत मराठी तुम्हाला मदत करते. पण एक ठिकाण आहे तिथं मराठी फसवते. आपण "काल पाठवलाय" असंही म्हणतो आणि मराठीत ते चालतं. इंग्रजीत काल, सोमवारी, मागच्या आठवड्यात, २०१९ मध्ये असा संपलेला वेळ त्याच वाक्यात आला की हॅव बाहेर. "वुई हॅव डिस्पॅच्ड यस्टर्डे" ही आपल्याकडच्या मेलमधली सगळ्यात जास्त दिसणारी चूक असेल. तारीख लिहिणार असाल तर "वुई डिस्पॅच्ड द मटेरियल ऑन मंडे". तारीख नाही, नुसतं माल निघालाय एवढं कळवायचंय, तर "वुई हॅव डिस्पॅच्ड". आज, या आठवड्यात, आत्तापर्यंत हे वेळ अजून चालू आहेत म्हणून त्यांच्याबरोबर हॅव चालतं. अमेरिकेतला कस्टमर "वुई ऑलरेडी शिप्ड इट" असं लिहील, ते चूक समजू नका, तिकडं ऑलरेडी आणि जस्टबरोबर साधा भूतकाळ सर्रास वापरतात.

म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या तिघांपैकी दोघं बरोबर असू शकतात, मेलमध्ये तारीख आहे का नाही त्यावर ठरतं. हॅडवाल्याचं मात्र या वाक्यात जमत नाही.

गडावरचा_गाईड
बाईंनी सांगितलं ते शंभर टक्के. मी पन्हाळ्यावर परदेशी पाहुण्यांना फिरवतो त्यामुळं हॅडचा उपयोग मला रोज पडतो. सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला होता आणि जुलै १६६० मध्ये महाराज रात्रीतनं विशाळगडाकडं निसटले, इथं दोन घटना आहेत, वेढा आधीचा, निसटणं नंतरचं. "सिद्दी जौहर हॅड सराउंडेड द फोर्ट, बट महाराज एस्केप्ड अ‍ॅट नाइट." इथं हॅड काढलं तर क्रम ढिला पडतो. पण "१६६० मध्ये महाराज इथनं निसटले होते" एवढं एकच वाक्य बोलायचं असलं तर "एस्केप्ड", विषय संपला.

अजून एक, आपलं "करायचो, जायचो" हे "यूज्ड टू" ला फिट बसतं. अंबरखान्यात, म्हणजे गंगा, जमुना, सरस्वती कोठारांत, धान्य साठवायचे, "दे यूज्ड टू स्टोअर ग्रेन हिअर". नवीन पोरं इथं "दे वेअर स्टोअरिंग" म्हणतात, त्यानं पाहुण्याला वाटतं कुठल्यातरी एका वेळेला साठवायचं काम चाललं होतं. वर्षानुवर्षं चालायचं ते, सवय होती ती, म्हणून यूज्ड टू.

आणि तुमचं पाच वर्षांचं. मराठीत "करतोय" एकच रूप आत्ताच्या मिनिटाला पण चालतं आणि पाच वर्षांपासून चाललेल्या कामाला पण चालतं. इंग्रजीत मागनं सुरू होऊन आजपर्यंत आलेलं काम असेल तर हॅव बीन लावायचं. "वुई हॅव बीन मेकिंग धिस पार्ट फॉर फाइव्ह इयर्स." आणि सिन्स फाइव्ह इयर्स नको. आपल्याला "पासून" दोन्हीकडं चालतं, पाच वर्षांपासून आणि २०२० पासून, म्हणून घोळ होतो. सुरुवात कुठनं झाली ते सांगताना सिन्स, "सिन्स २०२०", किती काळ झाला ते सांगताना फॉर.

राजारामपुरी_७वी_गल्ली
मला हे काय पटत नाही बघा. मराठी वाक्य धरून त्याचं इंग्रजी करत बसला तर जन्मभर अडकून पडणार भावा. थेट इंग्रजीत विचार करायचा, रोज ऐकायचं, वाचायचं, क्रियापद आपोआप तोंडात बसतं. लहान पोरं कुठं नियम शिकतात?

बावड्याच्या_बाई
ऐकायला वाचायला पाहिजेच, त्यात दुमत नाही. पण लहान पोर दिवसभर त्या भाषेत असतं आणि शिरोलीकरांना दिवसातनं चार मेल टाकायचेत, बाकी सगळा दिवस मराठीत जातो. मोठ्या माणसाच्या डोक्यात वाक्य मराठीत येणारच, मग कुठं मराठी आपल्याला बरोबर नेते आणि कुठं चुकवते हे माहीत असलेलं बरं. आणि कोल्हापूरच्या माणसाला तर एक सोय आयतीच आहे. "काय करालाईस?" विचारलं की आपण "जेवालोय" म्हणतो, म्हणजे आत्ता, या क्षणाला. "मी नऊला जेवतो" ही रोजची गोष्ट. पहिलं "आय अ‍ॅम ईटिंग", दुसरं "आय ईट अ‍ॅट नाइन". मी वर्गात कायम हेच सांगायचे, तुझ्या तोंडात करालोय येतंय तिथं आयएनजी लाव, करतो येतंय तिथं लावू नको. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हे मुलांना लवकर कळायचं.

फक्त काही क्रियापदांना आयएनजी सहसा लागत नाही, नो, अंडरस्टँड, वॉन्ट, लाइक, बिलाँग अशी, कारण ती काम सांगत नाहीत, स्थिती सांगतात. "मला माहितेय, मला पाहिजेय" असं मराठीत शेवटी य येतो म्हणून "आय अ‍ॅम नोइंग" तोंडात येतं. मालकीच्या हॅवचं पण तसंच. "वुई हॅव टू फर्नेसेस", वुई आर हॅविंग नाही. "वुई आर हॅविंग लंच" मात्र चालतं, तिथं हॅव म्हणजे जेवणं, ते काम झालं.

बीए_इंग्लिश_कोल्हापूर
बाई खूप छान लिहिलंय, मी सेव्ह करून ठेवलं. एक माझ्याकडनं, "आय डिड नॉट वेंट" का होतं ते. मराठीत "मी गेलो नाही" म्हणतो, नाही तसंच राहतं आणि भूतकाळ मुख्य क्रियापदावर असतो, गेलो. तेच इंग्रजीत नेलं की वेंट राहतं आणि वर डिड पण येतं. इंग्रजीत काळ एकदाच दाखवायचा, डिडनं दाखवला की पुढचं क्रियापद मूळ रूपात, "डिड नॉट गो". प्रश्नाला पण तेच, "डिड यू रिसीव्ह", रिसीव्ह्ड नाही. डझचं पण सेम, "डझ ही वर्क", एस डझनं घेतला, वर्कला परत नको.

आणि उलट बाजूनं इंग्रजी सोपी पण आहे हे कुणी सांगत नाही. आपल्याकडं "तिनं आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, लाडू खाल्ले", कर्म बदललं की क्रियापद बदलतं, पुरुष बाई वेगळं, जरी आपल्या कोल्हापुरात बायका पण "मी येतो" म्हणत असल्या तरी. इंग्रजीत भूतकाळात "एट" एकच, कुणी पण खाऊ दे, काय पण खाऊ दे. वर्तमानात ही, शी, इट ला एक एस लावला की झालं. जीव खाणारं फक्त बी, त्याचं अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर पाठच करावं लागतं.

बोलताना अजून एक, शेवटचा ईडी सगळीकडं "एड" म्हणू नका. वर्क्ड, पॅक्ड, डिस्पॅच्ड यांच्या शेवटी ट ऐकू येतो, कॉल्ड, रिसीव्ह्डला ड, आणि वॉन्टेड, निडेड असं मूळ शब्दाच्या शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच वेगळा "इड".

शिरोलीकर_डिस्पॅच
लय भारी, मनापासून आभार सगळ्यांचे, हे असं कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. शेवटचं विचारतो. कस्टमरला "उद्या पाठवतो" म्हणायचं असतं तेव्हा "वुई डिस्पॅच टुमॉरो" लिहिलं तर? आणि मोठ्या कंपन्यांचे मेल येतात त्यात "हॅज बीन डिस्पॅच्ड" असतं, ते कधी?

बावड्याच्या_बाई
आपण उद्याचं पण "पाठवतो" म्हणतो, इतकंच काय, कुणी हाक मारली तर घरातनं निघायच्या आधीच "आलो आलो" म्हणून भूतकाळ वापरतो. इंग्रजीत ते "कमिंग". "उद्या पाठवतो" हा तुम्ही दिलेला शब्द आहे, त्याला विल पाहिजे, "वुई विल डिस्पॅच द मटेरियल टुमॉरो". ट्रक बुक झालाय, सगळं ठरलंय असं दाखवायचं असेल तर "वुई आर डिस्पॅचिंग टुमॉरो" पण चालतं. नुसतं "वुई डिस्पॅच" ऐकायला रोजचा रिवाज वाटतो, वुई डिस्पॅच एव्हरी मंडे सारखा.

"हॅज बीन डिस्पॅच्ड" म्हणजे "माल पाठवला गेलाय". कुणी पाठवला ते महत्त्वाचं नाही, माल महत्त्वाचा, म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये ते शोभतं. पण तिथं पण हॅवचा तोच नियम, "हॅज बीन डिस्पॅच्ड यस्टर्डे" नाही, तारीख आली की "वॉज डिस्पॅच्ड". तुमचा मेल असा करा, "द मटेरियल वॉज डिस्पॅच्ड ऑन मंडे. वुई हॅव अटॅच्ड द इनव्हॉइस. वुई विल सेंड द टेस्ट सर्टिफिकेट टुमॉरो." तीन वाक्यं, तीन काळ, तिन्ही जागच्या जागी. पुढचा मेल टाकायच्या आधी इथं चिकटवलात तर बघून सांगेन, कस्टमरचं नाव तेवढं काढा.