मदत हवी आहे: गाण्यातले जर्मन उच्चार

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची. बारा वर्षं शास्त्रीय शिकले, आता पणजीला एका सरांकडे पाश्चात्त्य गायन शिकतेय. सध्या शूबर्ट या संगीतकाराचं 'आन डी मुझीक' (1817) हे जर्मन गाणं चालू आहे. सूर लागतात, पण जर्मन काही तोंडात बसत नाही.

काही गोष्टी आपल्याला फुकटात मिळतात. जर्मन झेडचा उच्चार म्हणजे आपल्या 'चाक'मधला च. गाताना र बहुतेक जिभेच्या टोकानेच म्हणतात, तो तर आपलाच. 'नाख्ट'मधला घशातला ख शेजारच्या चाचींच्या 'खबर'वरून उचलला!

घोडं अडतं ते 'इश' म्हणजे 'मी' या शब्दापाशी. त्यातला शेवटचा आवाज श नाही, ह पण नाही. सर म्हणतात, 'ई'ला ठेवतेस तशीच जीभ ठेव आणि नुसती हवा सोड. बोलताना जमतं, गाताना हमखास 'इश्श' होतं आणि आई स्वयंपाकघरातून हसते.

दुसरं, दोन टिंबांचा यू. जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे. खाली ठीक, पण वरच्या सुरावर लांबवला की सरळ 'ई' होतो. इतकी वर्षं आकार लावल्यामुळे ओठ पसरायचीच सवय.

कोणी जर्मन गाणी शिकलंय का? वरच्या स्वरांवर ओठांचं काय करता? आणि शब्द आधी सावकाश वाचून दाखवणारं रेकॉर्डिंग कुठे मिळेल? जर्मन शिकायला पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात दर आठवड्याला जाणं शक्य नाही. ऑनलाइन शिकवणारं कोणी असेल तर उत्तमच.