आईच्या अंगठ्याचं हाड: छिद्रातून करावं की चिरा घेऊन?

अमळनेरचा_शेतकरी
नमस्कार मंडळी, आईचं वय ५८, उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढत चाललाय आणि मुळाशी हाड बाहेर आलंय, डॉक्टर बनियन म्हणतात. आधी नुसतं दिसायचं, आता चपलेचा पट्टा घासून तिथली कातडी लालभडक होते, कापूस वेचून आली की ओट्यावर पाय चोळत बसते, "मना अंगठा लई दुखस" एवढंच म्हणते. दर चैत्रात गल्लीतल्या बायांबरोबर सप्तशृंगी गडावर पायी जायची, यंदा अर्ध्या रस्त्यातून गाडीत बसवून आणली, तेव्हापासून गप्प गप्प आहे. एका डॉक्टरांनी चिरा घेऊन करू सांगितलं, दुसरे म्हणतात छोट्या छिद्रातून होतं, लगेच चालता येतं, पण खर्च बराच जास्त. पैशाचं बघून घेऊ, फरक नक्की काय पडतो ते सांगा. शुगर आहे तिला, गोळ्या चालू.

धुळे_ओटीवाला
भाऊ, मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) टेक्निशियन आहे, दोन्ही बघितलेत. पहिलं म्हणजे हे दुर्बिणीचं ऑपरेशन नाही, लोकांना तसंच वाटतं. कॅमेरा नसतोच. ३ ते ५ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं, त्यातून बारीक बर, म्हणजे हाड कापणारं फिरतं टोक, घालतात, तो हळू फिरतो पण जोर भारी, वरून सलाईनचं पाणी सतत सोडावं लागतं नाहीतर हाड आणि कातडी भाजते, आणि डॉक्टर सगळं सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणाऱ्या मशीनच्या, स्क्रीनवर बघून करतात. चिऱ्याच्या पद्धतीत अंगठ्याच्या आतल्या कडेला पाचेक सेंटीमीटर चिरा, हाड डोळ्यासमोर, करवतीने काप, मग हाड सरकवून स्क्रू. म्हणजे आतलं काम तेच हो. हाड दोन्हीत कापलं जातं आणि ते जुळायला दोन्हीत सहाएक आठवडे लागतातच, छिद्र लहान म्हणून लवकर जुळत नाही. छिद्रवाल्याचा फायदा आहे, नाही असं नाही, सुरुवातीचे दिवस दुखणं कमी, व्रण बारीक, पण वर्षभराने दोन्ही पाय साधारण सारखेच. फक्त हात बसलेला डॉक्टर पाहिजे, हाड दिसत नसताना कापायचं असतं, ते शिकायला बऱ्याच केसेस जातात. तुम्ही आतापर्यंत किती केल्या, हे सरळ विचारा, चांगला डॉक्टर रागवत नाही.

भुसावळची_लेक
दादा माझं दोन वर्षांपूर्वी चिऱ्याचं झालं, नणंदेचं पुण्याला छिद्रातून. तिला गोळ्या कमी लागल्या हे खरं, माझे पहिले चार दिवस फार वाईट गेले. पण "लगेच चालता येतं" म्हणजे कडक तळाचा सँडल घालून टाचेवर बाथरूमपर्यंत, शेतात नाही! मी पण दुसऱ्या दिवशी तसंच चालले होते. नणंद त्या शब्दावर विसंबून दुसऱ्या आठवड्यात गॅसपुढे उभी राहिली, पोळ्या होईपर्यंत पाय पावासारखा सुजला. सूज तिला चार महिने, मला पाच. माझ्या अंगठ्याची कड अजून थोडी बधिर आहे, बाकी चप्पल आता कुठलीही चालते.

फिजिओ_चोपडा
एक्सरे उभं राहून काढलाय का? झोपवून काढला तर वाकडेपणा कमी दिसतो. अंगठ्याचा कोन १५ अंशापर्यंत नॉर्मल धरतात, ४० च्या वर गेला तर जास्तच वाकडा, तेव्हा बरेच सर्जन चिराच पसंत करतात. पावलाच्या मधल्या भागातला सांधा ढिला असेल तर तो जखडून टाकतात, लॅपिडस म्हणतात त्याला, त्यात पायावर भार कधी द्यायचा ते डॉक्टर ठरवतात, अंगठ्याचा सांधाच झिजला असेल तर तोच जखडावा लागतो. त्यामुळे छिद्र की चिरा हा प्रश्न एक्सरेनंतरचा. शुगरचं एचबीए१सी करा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, पायाची नाडी आणि बधिरपणा तपासून घ्या, हे चुकवू नका. आणि आई तंबाखू, मिश्री लावतात का? निकोटिनने हाड जुळायला उशीर लागतो. रात्री बांधायचे पट्टे ऑनलाइन मिळतात, त्याने मोठ्या माणसाचं हाड सरळ होत नाही, पैसे घालवू नका.

अमळनेरचा_शेतकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. मिश्री लावते, दोन वेळा, आणि हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. एक्सरे पण टेबलावर झोपवूनच काढलेला. मंगळवारी उभा काढतो, शुगरचं पण करतो. वेचणी संपल्यावर करायचं ठरवलंय म्हणजे येत्या चैत्रात गड होणार नाही, ते आईला सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून मिश्रीची डबी माझ्या हातात आणून दिली.

भुसावळची_लेक
डबी परत मागितली तरी देऊ नका दादा. आणि कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा, उकिडवं बसलं की सगळा भार पंज्यावर येतो, पहिल्याच दिवशी माझी फार फजिती झाली होती.