रात्री घराबाहेर पडणाऱ्या सासूबाईंसाठी कोणतं जीपीएस घ्यावं? (बजेट 2,500)

दारव्ह्याची_सून
नमस्कार. सासूबाईंना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, यवतमाळच्या डॉक्टरांनी तसं सांगितलंय. दिवसा बऱ्या असतात. दिवेलागणीला मात्र "मले माह्या घरी जाऊ द्या" सुरू होतं आणि रात्री कडी काढून माहेरच्या वाटेला लागतात. त्या वाटेवर कठडा नसलेली विहीर आहे. थ्री फेज लाईट रात्रीची असली की हे हरभऱ्याच्या ओलिताला वावरात. मी रात्रभर जागी अन् सकाळी कापूस वेचायला. 2,500 पर्यंत काय चांगलं मिळेल?

पंकज_अकोला
ताई, कॅमेरेच लावा. मी गावी चार लावले, इन्व्हर्टर धरून 18 हजार लागले. पुण्यात बसून मोबाईलवर आई दिसते. रात्रीचंही एकदम साफ.

कास्तकार_दिग्रस
पंकजभाऊ, पुण्यातून दिसलं तरी मायले वापस आणाले उठते कोण? आमी बाबासाठी पोराईचं जीपीएस घड्याळ घेतलं होतं. बाबानं दुसऱ्या दिवशी काढून गव्हाणीत टाकलं. रोज चार्जिंग करा, त्यात शिवारात रेंज नाई. पैसे पाण्यात गेले.

पंकज_अकोला
रेंज नसेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम टाकायचं. घड्याळाचा काय दोष?

लताकाकू
बाहेरून कुलूप लावून टाक बाई. आम्ही सासऱ्यांना तेच केलं.

वर्ध्याची_सिस्टर
काकू, माणूस एकटं आत असताना कुलूप नको. आग लागली तर? ताई, दाराला अगदी खाली, पायाजवळ दुसरी कडी बसवा. या आजारात नेहमीच्या जागेवरची कडी हाताला आठवते, नवीन जागेची सहसा सापडत नाही. दार उघडलं की वाजणारी सेलची घंटी काही शे रुपयांत मिळते. लुगड्याच्या पदराला तुमचा मोबाईल नंबर शिवा.
बी-12 आणि थायरॉईड तपासलंय का? आणि वागणं एकाएकी बिघडलं तर आधी लघवीची तपासणी. म्हाताऱ्या माणसात लघवीच्या इन्फेक्शननेही असा भ्रम होतो. मेडिकलमधून मनाने झोपेची गोळी आणून देऊ नका. त्याने तोल जातो, गोंधळ वाढतो.

गुरुजी_पुसद
सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं सरकारी संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. खर्चाची काळजीच मिटते.

वर्ध्याची_सिस्टर
गुरुजी, ते भरती झाल्यावर. घरच्या सांभाळाला त्यातून काही मिळत नाही.

गुरुजी_पुसद
तरी काढून ठेवावं.

लताकाकू
घरात दुसरं कोणी नाही का? दीर, नणंद?

दारव्ह्याची_सून
मोठे दीर नागपूरला. फोनवर आई त्यांच्याशी पाच मिनिटं छान बोलतात, म्हणून ते म्हणतात, "तुम्ही वाढवून सांगता." दिवाळीला आले तेव्हाही आई दोन दिवस शहाण्यासारख्या वागल्या. ते गेले त्याच रात्री मला ओळखलं नाही, चोर म्हणून काठी उगारली. माझं कोणाला खरं वाटत नाही, काकू.

कास्तकार_दिग्रस
अगदी हेच. आमच्या बहिणीले पटलं कवा, तर बाबा तिच्याकडं राह्यले तवा. दिरालेच आठ दिवस आणून ठेवा. सांगून नाई समजत कोणाले.

वर्ध्याची_सिस्टर
14416 हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, सरकारी, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलतात. सांभाळणाऱ्यानेही करावा. स्वतःसाठी करा, ताई.

पंकज_अकोला
माझ्याकडे एक जुना कॅमेरा पडून आहे, 3,000 ला देतो. वायफाय लागेल.

दारव्ह्याची_सून
सगळ्यांचे आभार. जीपीएस, कॅमेरा, घंटी काहीच घेत नाहीये. ते पैसे शेजारच्या मावशींना देणार आहे. त्या दुपारी आईंजवळ बसतील, मी तेवढी झोपेन. घंटी वाजली तरी उठायला अंगात जीव पाहिजे. खालची कडी यांनी कालच बसवली.

लताकाकू
घरच्या माणसाला सांभाळायला परक्याला पैसे? मला नाही पटलं.

दारव्ह्याची_सून
काकू, मला पटलंय.

कास्तकार_दिग्रस
ते ठीक, पण विहिरीवर लोखंडी जाळी टाकाच वहिनी. विहीर कोणाची हाय?

दारव्ह्याची_सून
चुलत सासऱ्यांची. अर्धा खर्च ते देतो म्हणाले. वेल्डिंगवाला सोमवारी माप घ्यायला येतोय.