शब्दचर्चा : 'बेस घुमतोय' म्हणजे नेमके काय? (बोलणाऱ्यांची नावे त्यांच्या गावांवरून दिली आहेत.)

सातारा :
घरात सबवूफर (फक्त तळाचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर) बसवला की एक तक्रार हमखास येते, 'बेस घुमतोय'. तेच लोक डग्गा छान घुमतो म्हणून दादही देतात. मग घुमणे हा गुण की दोष? 'बूमी' आवाजाला मराठीत काय म्हणावे? आणि इक्वलायझरला, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाला, 'समकारी' म्हटलेले चालेल का?

मिरज :
आधी 'बेस' हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा. त्यात तीन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत आणि तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत.

पहिला खर्ज. तळाचा, टिकून राहणारा स्वर. शब्द षड्जावरूनच आला, 'ष'चा 'ख' होऊन. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्यात ती सुमारे ६९ हर्ट्झला (सेकंदाला ६९ कंपने) लागते, जोडीच्या तारा १३९ च्या आसपास. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झला असेल तर खर्जाचा मूळ स्वर बहुतेक सबवूफरकडे जातो. जोडी आणि जवारीचा सगळा झंकार मुख्य स्पीकरांकडे राहतो. जुळणी बरोबर असेल तर चारही तारा एकाच भोपळ्यातून बोलतात. खर्ज कोपऱ्यातून वेगळा ऐकू आला की समजावे, सबवूफरची पातळी जास्त आहे, नाहीतर फेज, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांनी एका वेळी ढकलण्याची जुळणी, चुकला आहे. कानाने तपासायला तंबोऱ्याच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणाइतके सोपे साधन नाही.

दुसरा दणका, म्हणजे ठोक्याची सुरुवातीची धडक. तिचा बराच भाग १०० हर्ट्झच्या वर असतो. म्हणून दणका कमी पडला की सबवूफरचा आवाज वाढवणे चुकीचे. त्याने धडक येत नाही, सगळे गाणेच जाड होते. तिथे सबवूफर आणि स्पीकर यांची वेळ जुळवावी लागते.

तिसरा घुमारा. तो खोलीचा. 'बूमी'साठी मी हाच शब्द सुचवेन. डग्गा घुमतो तेव्हा वादक मनगटाच्या दाबाने त्याला आवरतो, वळवतो. खोलीला आवरणारे मनगट नसते. ती आपले ठरलेले दोन-तीन स्वरच घुमवते, मग गाणे कुठलेही असो.

सांगली :
ते दोन-तीन स्वर कोणते, हे टेप घेऊन काढता येते. ५६५ ला (आवाजाच्या सेकंदाला फुटांतल्या वेगाच्या निम्म्याला) खोलीच्या फुटांनी भागा. १५ बाय १२ ची खोली, १० फूट उंच स्लॅब : ३८, ४७ आणि ५६ हर्ट्झ. विटांच्या भिंती आणि स्लॅब हा खालचा आवाज जवळजवळ सगळाच परत पाठवतात. जाड पडदे आणि सतरंजी यांचा इथे उपयोग नाही. ४७ हर्ट्झच्या तरंगाची पाव लांबीच ६ फूट भरते, आणि कापड भिंतीपासून साधारण तितके दूर असेल तरच तो नीट शोषते.

त्यामुळे पहिला उपाय जागेचा, इक्वलायझरचा नंतर. सबवूफर उचलून ऐकण्याच्या सोफ्यावर ठेवा, चढउतार असलेला बेस लावा आणि भिंतीकडेने रांगत जा. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतात तिथे सबवूफर ठेवा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो, पण घुमाराही तिथेच सर्वांत जास्त. खोलीच्या बरोबर मधोमध बसणेही टाळा. लांबीचा पहिला स्वर तिथे जवळपास नाहीसा होतो.

कराड :
शब्दांच्या बाजूने दोन गोष्टी. फेजला पाठ्यपुस्तकी शब्द 'कला' आहे आणि तो अर्थाने अचूक आहे, चंद्रकलेतला. पण नुसते 'कला शून्य ठेवा' म्हटले तर कुणाला कळणार? कामात 'फेज' म्हणावे. समजावताना 'दोघांनी एका वेळी ढकलणे' म्हणावे : सबवूफर आणि स्पीकर यांचे पडदे ८० हर्ट्झला एकदम पुढे येत असतील तर बेरीज, एक पुढे दुसरा मागे असेल तर वजाबाकी. ८० हर्ट्झचा सूर लावून फेजची खुंटी फिरवा. सोफ्यावर आवाज सर्वांत मोठा मिळेल ती जागा बरोबर.

दुसरी गोष्ट 'डॉल्बी'. आपल्याकडे याचा अर्थ मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, आणि 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' असे फलकही त्याच अर्थाने लागतात. मूळ नाव रे डॉल्बी यांनी १९६५ साली काढलेल्या कंपनीचे, आणि तिची पहिली ओळख टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. अर्थ इतका उलटला आहे की 'घरी डॉल्बी बसवायचाय' असे कुणी म्हणाले तर सिनेमाचा ॲम्प्लिफायर हवा की नुसता दणका, हे विचारूनच सामान काढावे.

रिसीव्हरच्या (घरच्या सिनेमाच्या ॲम्प्लिफायरच्या) सेटिंगमधल्या 'स्मॉल'लाही लोक अपमान समजतात. तो स्पीकरचा आकार नव्हे. खालचे स्वर सबवूफरकडे वळवा, एवढाच त्याचा अर्थ. तसे केल्यावर सबवूफरच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची खुंटी पूर्ण उघडी ठेवा. नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात आणि ८० च्या आसपास आवाज पातळ होतो.

सातारा :
आणि 'समकारी'?

सांगली :
नको. त्या शब्दाने सगळे सारखे करता येते असा समज होतो, आणि तिथेच नुकसान होते. कुठला स्वर किती मोठा ऐकू येतो याच्या आलेखात दोन प्रकार दिसतात. त्यांना उंचवटा आणि खड्डा म्हणू. उंचवटा कापता येतो. खड्डा भरता येत नाही.

उदाहरण घ्या. कान मागच्या भिंतीपासून ४ फुटांवर आहेत. आवाज भिंतीपर्यंत ४ फूट जातो, ४ फूट परत येतो. ७० हर्ट्झचा तरंग १६ फुटांचा, म्हणजे परतलेला आवाज बरोबर उलटा येऊन मूळ आवाजाला खातो. इक्वलायझरने ७० वाढवा, परत येणाराही तितकाच वाढतो, खड्डा तिथेच. ॲम्प्लिफायर मात्र दमतो : ३ डेसिबलला दुप्पट शक्ती, १० ला दहापट. त्यापेक्षा सोफा दीड फूट मागे सरकवा. खड्डा ११३ हर्ट्झवर, सबवूफरच्या हद्दीबाहेर जातो. भिंतीजवळ एकूण खर्ज थोडा वाढेल, तेवढी पातळी उतरवावी.

उंचवट्यासाठी मोजमापाचा यूएसबी माइक, त्याची कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर पुरते. माइक कानाच्या उंचीवर धरून १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर), निदान तीन जागांवरून. जो उंचवटा तिन्ही जागी दिसतो तोच कापा. ४७ ला ९ डेसिबल वर असेल तर वारंवारता ४७, घट ७ ते ८, क्यू (काप किती अरुंद, तो आकडा) ५-६ पासून सुरुवात. मग पुन्हा स्वीप, कारण फिल्टरची रुंदी उंचवट्याच्या रुंदीशी जुळायला हवी. एकाच खुर्चीवर दिसणाऱ्या बारीक दात्यांच्या मागे लागू नका. वाढवायचेच झाले तर ३ डेसिबलच्या पुढे नाही.

म्हणून शब्द 'इक्वलायझर'च राहू द्या, आणि क्रियापद 'कापणे'.

मिरज :
कापणे पटले. एक जोड देतो : पातळी मोजताना आवाजाचा मीटर 'सी' मापावर हवा, 'ए'वर नको. 'ए'वर ५० हर्ट्झ ३० डेसिबलने कमी दिसतो. मग आकडा छोटा बघून सबवूफर वाढवला जातो आणि शेजारच्या घरातली भांडी वाजतात. त्या वाजण्याला घुमारा म्हणू नये, ती खडखड. आपल्या सरकत्या खिडकीची खडखड असेल तर पट्टीत फेल्ट बसवले की थांबते.

वाई :
आणखी एक आवाज या यादीत हवा : भुणभुण. गाणे बंद असतानाही ५० किंवा १०० हर्ट्झची बारीक घरघर येते, तिला काही जण 'बेस घुमतोय' असेच म्हणतात. ती खोलीची नाही. अर्थिंग दोन वाटांनी जोडले गेले की येते. आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा. थांबली तर तिथे आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोड तोडणारा) लावा. मग सबवूफर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

सातारा :
म्हणजे खर्ज, दणका, घुमारा, खडखड, भुणभुण. तक्रार आली की यातले नेमके कोणते, हेच आधी विचारतो.