चोविसाव्या दिवशी नारिंगी विष्ठा, फीड उचलत नाहीत. कॉक्सीच (कॉक्सिडिओसिस, परजीवी जंतूमुळे होणारा आतड्याचा रोग) ना?

शेडवाला: ब्रॉयलरची बॅच २४ दिवसांची आहे. दोन दिवसांपासून विष्ठा पातळ, नारिंगी, चिकट; त्यात न पचलेलं फीड दिसतं. रक्त कुठेच नाही. थोडी मर सुरू झालीय. अ‍ॅम्प्रोलियम (कॉक्सीचं औषध) चालू केलंय, सोबत ताकदीसाठी बी कॉम्प्लेक्स. बरोबर चाललंय का?

पिसारा: गंबोरो (विषाणूचा रोग) नाही ना? त्यात विष्ठा पांढुरकी, पाण्यासारखी असते. बर्सा (गुदद्वाराजवळची गाठ) सुजलीय का बघा.

जुना कोंबडीवाला: आधी बी कॉम्प्लेक्स बंद करा. अ‍ॅम्प्रोलियम कॉक्सीच्या जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, आणि आपणच वरून बी-१ पाजतोय!

रक्त नाही म्हणून कॉक्सी नाही, असंही नाही. कॉक्सीच्या जंतूचे बरेच प्रकार: टेनेला, असर्व्हुलिना, मॅक्झिमा वगैरे. रक्त मुख्यतः टेनेलात, तेही शेवटच्या दोन आंधळ्या आतड्यांत. आताच मेलेला पक्षी उघडा. शिळा नको, तासाभरात आतडं फुगून रंग बदलतो. सुरुवातीच्या वळणावर पांढऱ्या आडव्या रेघा असतील तर असर्व्हुलिना. मधल्या भागात नारिंगी शेंबूड आणि टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके असतील तर मॅक्झिमा. पण आतडं फुगलेलं, हात लावताच फाटणारं, आतून मळक्या टॉवेलसारखं खरखरीत दिसलं, तर नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतडं सडवणारा रोग. तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सचा. हा जिवाणू निरोगी पक्ष्यातही असतो. कॉक्सीने आतडं सोललं की फोफावतो. त्याला अ‍ॅम्प्रोलियम लागू पडत नाही.

शेडवाला: दोन पक्षी उघडले. मधल्या भागात शेंबूड आणि ठिपके, तुम्ही म्हणालात तसेच. एकाचं आतडं मात्र फुगलेलं, कातरी लावताच चिरलं.

जुना कोंबडीवाला: मग दोन्ही असण्याची शक्यता जास्त. ही जोडगोळी नेहमीचीच. आतड्याची खरवड मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, मॅक्झिमाची अंडी सगळ्यांत मोठी असतात. अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, आणि विक्रीआधी किती दिवस थांबायचं तेही त्यांनाच विचारा. पाण्याच्या निपलखालची ओली गादी (जमिनीवरचा भुसा) आजच काढा. ऊब आणि ओल मिळाली की विष्ठेतली कॉक्सीची अंडी दोनेक दिवसांत लागण करण्याजोगी होतात, आणि नेहमीच्या जंतुनाशकाने ती मरत नाहीत. फवारणीत पैसे घालू नका.

पिसारा: फीडमध्ये मासळीची भुकटी आहे का? क्लॉस्ट्रिडियमला ती फार मानवते.

शेडवाला: आहे. फीड बदलतो. बी कॉम्प्लेक्सही बंद. खरवड डॉक्टरांकडे दिलीय.