सिव्हिलच्या मुलांना आर्किटेक्चर कसं शिकवावं? मदत हवी आहे

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला बिल्डिंग प्लॅनिंग शिकवतो. ऑटोकॅडवर मुलांचा हात छान बसलाय, पण आधी कॉलम ठोकतात आणि उरलेल्या जागेत खोल्या कोंबतात. परवा एकाने बेडरूमची एकुलती एक खिडकी डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद, बंदिस्त पोकळीत) उघडली. का, तर 'बीम तिथे जुळत होता'!

मुंबईची कांचनजंगा ही उंच निवासी इमारत (वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, 1983) दाखवून पाहिली. समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण तिरपं ऊन आणि पावसाची झडही तिकडचीच, म्हणून कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या, असं समजावलं. मुलांनी विचारलं काय, तर कॅन्टिलिव्हर (एकाच बाजूच्या आधारावर बाहेर झेपावणारा भाग) किती मीटरचा! (प्रश्न वाईट नाही म्हणा.) एक जुना वाडाही दाखवून आणला. चौकातला गारवा सगळ्यांना जाणवला, ड्रॉइंगमध्ये काही उतरला नाही.

साठ मुलं, स्टुडिओ नाही, आठवड्याला दोन तासांचं एकच प्रॅक्टिकल. परीक्षेला प्लॅन, एलेव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू), सेक्शन (इमारतीचा उभा छेद) लागतंच, तेव्हा अभ्यासक्रम बदला हा सल्ला नको.

आर्किटेक्चर कॉलेजात शिकवणाऱ्यांना खास विचारतोय: प्लॅनऐवजी सेक्शनपासून सुरुवात केली तर फरक पडतो का? पडत असेल, तर दोन तासांत उरकेल असा पहिला सराव कोणता द्यावा आणि मार्क कशावर द्यावेत?