देवपुरातला बैठा बंगला: वारसा की अडगळ?

पांझराकाठ : धुळ्याच्या देवपुरातला १९३० च्या दशकातला एक बैठा बंगला पाडून तेथे सदनिका होणार, या बातमीवर काल या चर्चामंचावर कोणी लिहिले की, "वारसा म्हणजे किल्ले, लेणी आणि वाडे, चार खोल्यांसाठी गळा काढणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे." मी रिकामटेकडा आहे असे समजा, परंतु पेठेतला वाडा आपल्या चौकाकडे तोंड करून बसतो आणि हा बंगला रस्त्याकडे, हा फरक ज्यांना दिसत नाही त्यांनी वारशाच्या व्याख्या सांगू नयेत. एकत्र कुटुंबातून निघून नदीपलीकडे, चहूबाजूंनी मोकळी जागा सोडून घर बांधणाऱ्या वकील-मास्तरांची खूण या व्हरांड्याइतकी स्पष्ट कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

मालकपक्ष : व्हरांडा आपल्याला स्पष्ट दिसतो, कारण त्याची वाळवी आपल्याला काढावी लागत नाही. आमच्या आजोबांनी असाच बंगला युद्धापूर्वी अर्धा भाड्याने दिला होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले, आणि वर्षभराच्या भाड्यात एका पावसाळ्याची शाकारणीसुद्धा होईना. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, ती आमच्या भाडेकरूने चिल्लर मोजून हातावर ठेवली. शिवाय प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची अट घालतो. आपल्या लाडक्या बंगल्याचे तेवढे वयही नाही.

धाबेकरी : मुळात हा बंगला खानदेशी कोठे आहे? त्याचे कौल १८६५ मध्ये बासेल मिशनच्या कारखान्यात मंगळुरास सुरू झालेले. आपले घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर धाबे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, आणि त्यावर खारी माती. उन्हाळ्यात आम्ही सारी भावंडे रात्री धाब्यावर झोपत असू. गावोगावची धाबी पाडून पत्रे चढले, तेव्हा एकानेही येथे एक ओळ लिहिली नाही.

मालकपक्ष : धाब्याचे गोडवे धाब्याखाली पावसाळा काढलेल्यांना सांगू नयेत. आजोळी धरणगावला एका रात्री घरातली सगळी पातेली गळतीखाली लावून झाली आणि शेवटी पूजेचे ताम्हन काढावे लागले.

धाबेकरी : मृगाआधी खारी टाकली असती, तर ताम्हन देवघरातच राहिले असते. धाबे गळत नव्हते, आपल्या मामांचा आळस गळत होता.

मालकपक्ष : मामांना मध्ये आणण्याचे कारण नव्हते. त्यांनी कष्टाने उभे केलेले घर होते, आणि आपण त्यांना पाहिलेलेही नाही.

धाबेकरी : मामांविषयीचे शब्द मागे घेतो. खारीविषयीचे मागे घेणार नाही.

पांझराकाठ : खारी आणि मामा दोन्ही आटोपले असतील तर मूळ बंगल्याकडे वळू या. शंभर वर्षांची अट राष्ट्रीय स्मारकांसाठी आहे. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत रस्त्याच्या रूपात भर घालणाऱ्या साध्या इमारतींसाठीही तृतीय श्रेणी होती, आणि बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकासहक्काची, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काची, भरपाई देण्याची सोयही होती. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचा दगडी बंगला आज कलादालन म्हणून पाहता येतो. पण प्रत्येक घराला जगण्यासाठी एक केकी मूस लागावा काय? मालकपक्षाचा भाड्याचा मुद्दा मात्र मी नाइलाजाने मान्य करतो, कारण दुसऱ्याच्या खिशातून वारसा जपण्याची हौस मलाही जरा जास्तच आहे.

धाबेकरी : आमच्या ओट्यालाच तुम्ही व्हरांडा म्हणता, एवढे कबूल करा, म्हणजे मीही बंगल्याच्या बाजूच्या निवेदनावर सही करीन.

पांझराकाठ : ओटा तर ओटा. सही करा.

मालकपक्ष : माझी सही मिळणार नाही. मात्र आमच्या बंगल्याची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यायची असतील, तर रविवारी सकाळी या. आलाच आहात तर शाकारणीही उरकून टाकू. शिडी आपली आणा, आमच्या शिडीलाही वाळवी लागली आहे.